पाच ठिकाणची ४० मुलंमुली, सहा मुक्कामांचं नेतृत्व शिबिर : आखणी तपासून द्याल का?

घोटीकर

नमस्कार मंडळी,

घोटी-इगतपुरी पट्ट्यात सहा मुक्कामांचं निवासी युवा नेतृत्व शिबिर घ्यायचं ठरतंय. वय १८ ते २३. मुली २०, मुलगे २०. नंदुरबार जिल्ह्यातल्या धडगाव-अक्कलकुव्याकडचे पावरा आणि भिल्ल समाजाचे १०, मालेगावचे ८, बीड जिल्ह्यातल्या ऊसतोड कुटुंबांतले ८, नाशिक शहरातल्या वस्त्यांमधले ६ आणि नाशिक-पुण्याच्या कॉलेजांतले ८. कार्यकर्ते आणि स्वयंपाकघर धरून पंगतीला ५० पानं.

जागा ठरली आहे. दोन लांब खोल्या, एक सभागृह, मुलींकडे ३ न्हाणीघरं आणि ४ संडास, मुलांकडेही तेवढेच. पाण्याची टाकी ५,००० लिटरची. तारीख दिवाळीनंतर, नोव्हेंबरचा दुसरा आठवडा.

सध्याचं वेळापत्रक : ५:३० ला उठणं, ६ ला व्यायाम, ७ ला श्रमदान, ८:३० ला नाश्ता, मग रात्रीपर्यंत दीड-दीड तासाची चार व्याख्यानं, ९ ला सांस्कृतिक कार्यक्रम, ११ ला झोप.

प्रश्न असे :
१. निवड कशी करावी? शुल्क घ्यावं की मोफत ठेवावं?
२. एका गटाचा दुसऱ्यावर दबाव येऊ नये म्हणून खोल्या आणि गट कसे पाडावेत?
३. ते 'एक पाऊल पुढे' नावाचं विषमता दाखवणारं खेळ-सत्र घ्यावं का?
४. मोबाइल पूर्ण बंद ठेवावेत असं काही जणांचं म्हणणं आहे.
५. जेवणाचं प्रमाण आणि शाकाहार-मांसाहाराचं काय?

नेतृत्व म्हणजे काय वगैरे तत्त्वज्ञान नको. कुठे घसरतं ते सांगा.

---

सूत्रधार

सगळ्यात आधी तारीख बदला. नोव्हेंबरचा दुसरा आठवडा म्हणजे बीडची मुलं यादीतून काढल्यासारखंच आहे. दसरा-दिवाळीच्या आगेमागे टोळ्या निघतात आणि मार्च उजाडेपर्यंत फडावरच असतात. १८ वर्षांचा मुलगा म्हणजे घरच्या कोयत्यातला, म्हणजे ऊसतोडीच्या जोडीतला, एक जोडीदार. उचल, म्हणजे मुकादमाकडून आगाऊ पैसे, घेतलेली असताना सहा दिवस तो कसा सुटणार? तुमच्याकडे येतील ती ऊसतोड कुटुंबांतली फक्त वसतिगृहात राहणारी मुलं. तीही हवीतच, पण मग 'ऊसतोड कुटुंबांतले ८' या शब्दांचा अर्थ पातळ होतो.

मार्च घेऊ नका. सातपुड्यात होळी हा वर्षाचा सण आहे, भोंगऱ्या बाजारापासून पुढचे पंधरा दिवस धडगावकडची मुलं कुठेही येणार नाहीत. जून ते सप्टेंबर इगतपुरीचा पाऊस. छपराखाली ५० माणसं, ओले कपडे वाळत नाहीत, तिसऱ्या दिवशी निम्मी सर्दीनं बेजार. उरतात दोन फटी : मे महिना, किंवा गणपती झाल्यावर पाऊस ओसरला की तिथून दसऱ्यापर्यंतचे दिवस. मे घेणार असाल तर बकरी ईद पाहा. २०२६ मध्ये ती मेच्या अखेरीस आहे, २०२७ मध्ये मेच्या मध्यावर. मालेगावची मुलं ईदच्या आधीचे चार दिवसही देणार नाहीत. शिवाय विद्यापीठाच्या परीक्षांचं वेळापत्रक आणि पोलिस भरतीच्या मैदानी चाचण्या. मैदानी चाचणीची तारीख आली की तयारी करणारा मुलगा शिबिर अर्ध्यात सोडून जातो, आणि त्याचं चुकत नाही.

निवड. ऑनलाइन अर्ज ठेवलात तर पहिल्या दोन दिवसांत कॉलेजचे ६० अर्ज येतात आणि धडगावचा एकही येत नाही. मग आयोजक म्हणतात, 'तिकडून प्रतिसाद नाही.' अर्ज तीन प्रकारे घ्या : कागदावर हातानं लिहिलेला, तीन मिनिटांचा आवाजी निरोप, किंवा समोरासमोर बोलून कार्यकर्त्यानं भरून घेतलेला. तिघांचं वजन सारखं. भाषेचं शुद्धलेखन तपासू नका.

मुलाखतीला त्यांना नाशिकला बोलावू नका, तुम्ही जा. धडगावला आठवडी बाजाराच्या दिवशी, कारण त्या दिवशी पाड्यांवरून माणसं खाली उतरतात. मालेगावला शुक्रवारी दुपारनंतर, कारण यंत्रमागांची साप्ताहिक सुट्टी शुक्रवारी असते. मुलाखतीत 'तुमचा आदर्श कोण' असले प्रश्न विचारले की पाठ केलेली उत्तरं मिळतात. 'गेल्या सहा महिन्यांत तुमच्या गल्लीत कशावरून भांडण झालं, तुम्ही तेव्हा काय केलंत?' हे विचारा. जो मुलगा 'काहीच केलं नाही, भीती वाटली' म्हणतो, तोही घेण्यासारखा असू शकतो.

एका ठिकाणाहून एकच व्यक्ती कधी घेऊ नका, ती सहा दिवस गप्प राहते. एकाच गावच्या, एकाच कॉलेजच्या चारापेक्षा जास्तही नकोत, त्यांचा कंपू होतो. ४० हवेत तर ४८ निवडा. चार जण आदल्या आठवड्यात गळतात, तीन-चार जण बसस्टँडवरून परततात. मुलींची गळती जास्त असते आणि ती घरातून होते. म्हणून निवड झाल्यावर प्रत्येक मुलीच्या घरी बाई कार्यकर्तीनं एकदा जायचं, फोनवर भागवायचं नाही.

शुल्क. पूर्ण मोफत ठेवलं की न सांगता गैरहजर राहणारे वाढतात. सगळ्यांना सारखं ठेवलं की गरीब गळतात. २००, ८०० आणि २,००० असे तीन टप्पे ठेवा, कुणी कोणता टप्पा निवडला ते फक्त हिशेब ठेवणाऱ्याला माहीत असावं. पावतीवर रक्कम असतेच, म्हणून पावत्या सभागृहात वाटू नका. आणि प्रवासखर्च 'तिकीट दाखवा, नंतर देऊ' असा कधीच नको. धडगावहून घोटीला यायला पूर्ण दिवस जातो, वाटेत दोनदा गाडी बदलावी लागते. ते पैसे आधी हातात नसतील तर मुलगा निघणारच नाही. मार्च २०२३ पासून एसटीत महिलांना निम्मं तिकीट आहे, तेवढं अंदाजपत्रकात धरा आणि उरलेल्या पैशांतून मुलींना घ्यायला-सोडायला सोबत द्या.

---

नोंदवही

तुमचं वेळापत्रक मी न्हाणीघरापासून तपासलं. मुली २०, न्हाणीघरं ३. एकीला १० मिनिटं धरली तर ६७ मिनिटं लागतात. बाई कार्यकर्त्या धरल्या तर दीड तास. तुम्ही ५:३० ला उठवून ६ ला व्यायामाला उभं करताय, त्यानंतर श्रमदान, म्हणजे अंघोळ ८ ते ८:३० या अर्ध्या तासात. नाश्ता १० ला होईल आणि पहिलं व्याख्यान ११ ला. दोष मुलींच्या 'आवरण्या'ला दिला जाईल. अंघोळीच्या दोन पाळ्या करा, निम्म्यांची पहाटे, निम्म्यांची संध्याकाळी ५ नंतर, आणि रोज आलटून-पालटून.

पाणी माणशी दिवसाला ७० लिटर धरा, म्हणजे ३,५०० लिटर. टाकी पुरते, पण ती रोज भरली पाहिजे. वीज गेली की पंप बंद, हे गृहीत धरून जवळचा टँकरवाला आणि त्याचा दर आधीच लिहून ठेवा. मेमध्ये घेतलंत तर विहीर कुठवर खाली जाते ते मे महिन्यातच जाऊन पाहिलेलं असावं. नोव्हेंबरात पाहिलेल्या विहिरीवर विसंबू नका.

अंथरूण-पांघरूण 'आपापलं आणा' असं कळवू नका. कुणी स्लीपिंग बॅग आणतं, कुणी गोधडी, कुणाकडे काहीच नसतं. पहिल्या रात्री खोलीत पाय टाकताच कोण कुठल्या घरचा हे जमिनीवर मांडलेलं दिसतं. एक सतरंजी, एक चादर, एक ब्लँकेट सगळ्यांना सारखं, संस्थेकडून. भाड्यानं मिळतं. ताट-वाटी-पेलाही सारखाच.

आरोग्याचा अर्ज निवड होताच भरून घ्या, शिबिराच्या दारात नको. त्यात चार गोष्टी नावानिशी विचारा : सिकलसेल (रक्ताचा आनुवंशिक आजार), फिट येणं, दमा, आणि चालू असलेली औषधं. नंदुरबारकडच्या मुलांना सिकलसेलचं विचारल्याशिवाय श्रमदान किंवा गडचढाई ठेवू नका. पाणी कमी पडलं, अंगमेहनत जास्त झाली, थंड पाण्यात फार वेळ राहिलं, की सांधे-छाती-पोटात भयंकर कळा सुरू होतात आणि आयोजक त्याला 'कामचुकारपणा' समजतात. अशा मुलानं अर्ध्या-अर्ध्या तासानं पाणी प्यायचं, कामाचा वेळ निम्मा, आणि दुखायला लागलं की थेट रुग्णालय. फिट येणाऱ्याला जागरण हाच मोठा धोका. म्हणून रात्री ११ ची झोप आणि ५:३० चं उठणं काढून टाका. १० ते ५:३०, साडेसात तास.

पेटीत जलसंजीवनीची २० पाकिटं, तापमापक, पॅरासिटॅमॉल, मलमपट्टी, सॅनिटरी पॅड ६०. पॅड कपाटात कुलूपबंद नकोत, मुलींच्या न्हाणीघरात उघड्यावर हवेत, शेजारी झाकणाची बादली. मागायला लागणं हीच अडचण असते. सर्पदंश झाला तर आवळपट्टी, चिरा, मांत्रिक काहीही नाही. माणसाला आडवं ठेवायचं, चावलेला भाग हलू द्यायचा नाही आणि १०८. सर्पदंशावरचं प्रतिविष कुठल्या सरकारी दवाखान्यात प्रत्यक्ष शिल्लक आहे हे शिबिराच्या आदल्या दिवशी विचारून घ्या.

मोबाइल पूर्ण बंद करू नका. मुलीच्या घरून परवानगी मिळाली ती 'रोज फोन कर' या अटीवर. तो एक दिवस आला नाही तर दुसऱ्या दिवशी भाऊ दारात. शिवाय भरतीचे, शिष्यवृत्तीचे अर्ज, त्यांच्या शेवटच्या तारखा. रात्री ८:१५ ते ९ मोबाइल हातात, बाकी वेळ नावाची चिठ्ठी लावून पेटीत. कार्यकर्त्यांचेही. कार्यकर्ते सत्रात मोबाइल पाहतात आणि मुलांचे जमा करतात, यावरून जेवढी धुसफूस होते तेवढी जेवणावरून होत नाही. घरच्यांसाठी एक क्रमांक चोवीस तास उचलला जाईल असा द्या.

फोटो समाजमाध्यमांवर शिबिर चालू असताना टाकू नका. वेगळ्या धर्माची मुलंमुली शेजारी बसलेला एक फोटो गावातल्या गटावर फिरला की मुलीचं शिक्षण थांबू शकतं. संमती अर्जात फोटोसाठी वेगळी चौकट ठेवा आणि 'नको' म्हणणाऱ्यांना वेगळ्या रंगाचा बिल्ला न देता छायाचित्रकारालाच यादी द्या.

तक्रारीसाठी दोन व्यक्तींची नावं पहिल्या संध्याकाळी सांगा. त्यातली एक बाई, आणि एक तरी आयोजक संस्थेबाहेरची. मुलींच्या खोलीशेजारी रात्री दोन बाई कार्यकर्त्या. वयाचा दाखला प्रत्यक्ष पाहा. १८ खालचं कुणी आलं तर पोक्सो, म्हणजे बालकांवरच्या लैंगिक अत्याचाराविरुद्धचा कायदा लागू होतो. तशी तक्रार आली तर शिबिरात समजूत काढून मिटवता येत नाही, पोलिसांना कळवणं बंधनकारक आहे. जवळच्या पोलिस ठाण्याला आणि ग्रामपंचायतीला शिबिराचं माहितीपत्र देऊन पोच घेऊन ठेवा.

---

घोटीकर

दोघांचेही आभार. तारीख दसऱ्याआधी ओढतो. वेळापत्रक न्हाणीघरापासून तपासायचं हे खरंच सुचलं नव्हतं. खोल्या, सत्रं आणि स्वयंपाकघर राहिलं. आणि कामांचे गट आम्ही 'ज्याला जे आवडेल ते' असे ठेवलेत. चालेल ना?

---

चुलीपाशी

नाही चालणार. 'आवडेल ते' म्हटलं की पहिल्या दहा मिनिटांत मुली स्वयंपाकात, कॉलेजची मुलं माइक-स्पीकरवर आणि संडास सफाईत नेमकी तीच मुलं, ज्यांच्या घरात ते काम पिढ्यान्‌पिढ्या लादलं गेलंय. कुणी सांगितलेलं नसतं. आपोआप होतं आणि तुमच्या नेतृत्वाच्या सगळ्या व्याख्यानांवर पाणी पडतं. तक्ता करा : पाणी, स्वयंपाक-वाढप, झाडलोट, संडास, वेळपालन, दिवसाचा वृत्तान्त. सहा कामं, सहा दिवस, सहा गट. रोज काम बदलतं. आणि आल्या संध्याकाळची संडासाची पहिली पाळी आयोजकांची, सगळ्यांदेखत. संस्थेचे अध्यक्ष पाहुणे म्हणून येणार असतील तर त्यांना नेमकं त्याच वेळेला बोलवा.

आता ५० पानांचं माप. सगळं कोरडं, न शिजवलेलं.

पोहे ४ किलो, कांदे दीड किलो, शेंगदाणे अर्धा किलो, तेल अर्धा लिटर. चार किलो पोहे एकदम भिजवू नका, खालच्यांचा लगदा होतो. किलो-किलोनं चाळणीत धुऊन निथळत ठेवायचे.

दुपारी तूरडाळ २ किलो, तांदूळ ५ किलो, भाजी ८ ते ९ किलो, कणीक ८ किलो. किलोच्या साधारण २५ पोळ्या होतात, माणशी चार, म्हणजे २००. लाटायला-भाजायला मिळून दोघी असतील तर तासाला ८० च्या पुढे जात नाही. म्हणजे साडेबाराच्या पंगतीला दहाला तवा तापलेला हवा. पोळ्या उशिरा होतात त्या याच हिशेबात चूक झाल्यामुळे, आणि मग दुपारचं सत्र तासभर सरकतं. भाकरी रोज नको, सहा दिवसांत दोन रात्री पिठलं-भाकरी किंवा ठेचा-भाकरी पुरे. नाहीतर भाकरी थापणाऱ्या बाईंचे हात जातात.

चहा एका वेळेचा : दूध अडीच लिटर, पाणी तीन लिटर, साखर ६०० ग्रॅम, पावडर १५० ग्रॅम. १९ किलोचं सिलिंडर दोन दिवसांना एक धरा आणि एक जादा. रात्री भात उरला तर सकाळी फोडणी देऊन ५० जणांना घालू नका. घरी चालतं, इथे एका पातेल्यात आतपर्यंत उबट राहिलेला चार किलो भात असतो. उलट्या-जुलाब सुरू झाले की शिबिर संपलं.

पोळ्या मोजून वाढू नका. अंगमेहनतीची सवय असलेला मुलगा सहा पोळ्या खाऊन वर भात घेतो, शेजारची कॉलेजची मुलगी दोनवर थांबते. बेरीज बरोबर येते. पण वाढणाऱ्यानं 'अजून?' असं नुसतं डोळ्यांनी विचारलं तरी तो मुलगा दुसऱ्या दिवसापासून अर्धपोटी उठतो. वाढणारा गट शेवटी जेवतो, त्यांच्यासाठी आधी काढून ठेवायचं, नाहीतर त्यांच्या वाट्याला खरवड येते.

शाकाहार-मांसाहार : पंगत एकच. वेगळी ओळ, वेगळी खोली नाही. रोजचं जेवण शाकाहारी आणि दोनदा उकडलेली अंडी, पंगतीत ताटलीतून फिरवायची, हवं त्यानं घ्यावं. ज्याला शेजारी अंडं असलेलं चालत नाही त्याला हे निवडीच्या पत्रातच कळलेलं असावं, पंगतीत नव्हे. एखाद्या रात्री चिकन करणार असाल तर हलाल घ्या, म्हणजे मांसाहारी सगळे एकाच पातेल्यातून जेवतात. तिखट मध्यम ठेवा. खानदेशी जिभेला ते मिळमिळीत वाटेल, त्यांच्यासाठी ठेच्याची वाटी फिरती ठेवा.

---

गावनकाशा

सत्रांकडे येतो.

खोल्या आणि चर्चागट एकच ठेवू नका. आठ-आठचे पाच चर्चागट, प्रत्येकात पाचही ठिकाणचे. खोलीत मात्र प्रत्येकाजवळ निदान एक तरी आपल्या भाषेचं माणूस असू द्या. रात्री दिवे गेल्यावर पावरी बोलीत दोन वाक्यं बोलायला मिळणं ही चैन नाही. कामांचे सहा गट तिसरेच. म्हणजे दिवसभरात प्रत्येकाचा तीन वेगवेगळ्या टोळक्यांशी संबंध येतो आणि एकच पुढारी सगळीकडे पुढारी राहत नाही.

चार व्याख्यानांपैकी तीन काढा. दीड तासाच्या सत्रात बोलणाऱ्याला २० मिनिटं, बाकी काम. पाहुणा वक्ता ठरल्यापेक्षा दुप्पट बोलतो, हे धरूनच चाला. वेळपालन गटाच्या हातात घंटा द्या आणि ती वाजवायला घाबरायचं नाही असं वक्त्यासमोरच सांगा. हेही नेतृत्वाचं प्रशिक्षणच.

चर्चेत कोण बोलतं? ज्यांची प्रमाण मराठी पक्की आहे तेच. उपाय चिंचोके. चर्चा सुरू होताना प्रत्येकाला तीन. बोललं की एक मध्ये टाकायचा, संपले की ऐकायचं. पहिल्या दहा मिनिटांत पटाईत मंडळींचे चिंचोके संपतात आणि मग शांतता पडते. ती दीड-दोन मिनिटं टिकते, फार लांब वाटते. इथे सत्र घेणारा घाबरून स्वतः बोलू लागतो आणि सगळं मुसळ केरात. गप्प बसा. दोन मिनिटांनी धडगावची मुलगी हळूच चिंचोका पुढे सरकवते. ती पावरीत बोलली तरी चालेल, शेजारचा सांगेल. अहिराणीला, मालेगावच्या उर्दूमिश्रित बोलीला कुणी हसलं तर तिथल्या तिथे थांबवा, नंतर बाजूला घेऊन नव्हे.

'एक पाऊल पुढे' घ्या, पण खऱ्या आयुष्यावर नको. 'ज्यांचे वडील पदवीधर आहेत त्यांनी पुढे या' असं म्हटलं की कॉलेजची मुलं सभागृहाच्या टोकाला पोचतात आणि बीडची मुलगी भिंतीला टेकून उभी राहते, ३९ जण मागे वळून तिच्याकडे बघतात. पुढच्यांना चुटपुट लागते, मागच्यांना नव्यानं काहीच कळलेलं नसतं. ते त्यांना माहीतच होतं. त्यांच्या जखमेवर इतरांचा धडा झाला.

त्याऐवजी भूमिकांच्या चिठ्ठ्या. 'मुकादमाचा मुलगा, शहरात शिकतो.' 'तालुक्याच्या गावातली पदवीधर अंध मुलगी.' 'वीटभट्टीवरची विधवा, दोन मुलं.' 'सरपंचाची सून.' 'यंत्रमागावर रात्रपाळी करणारा, वय १९.' चिठ्ठी कुणाला दाखवायची नाही. आधी दोन मिनिटं डोळे मिटून त्या माणसाचं घर, सकाळ, खिसा डोळ्यांपुढे आणायचा. मग १५ विधानं, सावकाश : 'रात्री नऊनंतर मला एकट्याला बाहेर पडता येतं.' 'दवाखान्याचा खर्च कर्ज न काढता भागतो.' 'पोलिस ठाण्यात गेलो तर मला बसायला सांगतील.' खरं वाटलं तर एक पाऊल. शेवटी जिथे आहात तिथेच उभं राहून प्रत्येकानं आपली चिठ्ठी वाचायची. सरपंचाची सून मागे का राहिली, इथे खरी चर्चा पेटते. चर्चेला ४५ मिनिटं ठेवा, खेळाला २० पुरतात. संपताना चिठ्ठ्या फाडून आपापलं नाव मोठ्यानं म्हणायचं, भूमिका अंगावरून उतरवायची. हे सत्र जेवणाआधी लगेच नको आणि पहिल्या दोन दिवसांत तर नकोच.

चौथ्या दिवशी अभिरूप ग्रामसभा. नेतृत्व म्हणजे भाषण हा समज तिथे मोडतो. गणपूर्ती, म्हणजे किमान हजेरी, मतदारांच्या १५ टक्के किंवा १०० यांपैकी कमी असेल तेवढी. ती झाली नाही तर सभा तहकूब, आणि तहकूब सभेला गणपूर्तीची अट नाही. ही पळवाट मुलांना स्वतः सापडू द्या. ग्रामसभेआधी महिला सभा घ्यावी लागते, तीही उभी करा. सरपंच, ग्रामपंचायत अधिकारी (पूर्वीचे ग्रामसेवक), विरोधक, गप्प बसणारे, दारू पिऊन आलेला एक. विषय एकच : टँकर आधी कुठल्या वस्तीला. शहरातल्या मुलांना त्याच्या दुसऱ्या दिवशी माहिती अधिकाराचा अर्ज लिहायला लावा. एकच विषय, १५० शब्दांच्या आत, १० रुपयांचं कोर्ट फी तिकीट, उत्तराची मुदत ३० दिवस. 'आमच्या वॉर्डात भ्रष्टाचार का होतो?' असे अर्ज हमखास येतात. ते 'अमुक रस्त्याच्या कामाची मोजमाप पुस्तिका आणि देयकाची प्रत' इथपर्यंत आणायला दोन तास जातात. ते दोन तास द्या.

गावभेटीला ४० जणांचा जथा नेऊ नका. सात-सात, आठ-आठ, वेगवेगळ्या वस्त्यांत, सरपंचांना आधी सांगून. घराघरांत शिरून उत्पन्न विचारायचं नाही. पारावर रांगोळीनं गावचा नकाशा काढायला गावकऱ्यांनाच सांगा, रांगोळी त्यांच्या हातात. पाणी कुठे, स्मशान किती आणि कुठे, शेवटचा दिव्याचा खांब कुठे, हे बोलता बोलता नकाशात उतरतं.

---

तिसरीघंटा

थोडं वेगळं मत. बिल्ल्यावर फक्त पहिलं नाव लिहायची पद्धत सगळीकडे आहे, आडनावावरून जात कळू नये म्हणून. पहिले तीन दिवस ठीक. पण सहाही दिवस आडनाव झाकलं तर शिबिरात जात नाहीच असं नाटक होतं, आणि जेवणाच्या रांगेत 'गाव कुठलं, कुणाकडचे तुम्ही' असं आडून विचारणं सुरूच राहतं. चौथ्या रात्री, पाऊल-सत्र झाल्यानंतर, ज्याला हवं त्यानं आपलं पूर्ण नाव आणि त्या नावामुळे काय मिळालं, काय अडलं ते सांगावं. सक्ती नाही, टाळ्या नाहीत, सल्ले नाहीत, आणि खोलीत दोन असे कार्यकर्ते जे रात्री उशिरापर्यंत बोलायला मोकळे आहेत. आणि मालेगावच्या मुलांचं पहिलं नावच सगळं सांगून टाकतं, त्यांना झाकायची सोयच नसते. बिल्ल्याचा नियम करताना हे कुणाच्या लक्षात येत नाही.

सकाळच्या प्रार्थनेचंही तसंच. 'सर्वधर्म' म्हणून एकाच धर्माच्या चालीवरची गाणी होतात. दहा मिनिटं मौन ठेवा, सोपं आहे. नमाजासाठी स्वच्छ कोपरा आणि शुक्रवारी दुपारी पाऊण तास वेळापत्रकातच मोकळा.

---

नोंदवही

तिसरीघंटा, मान्य. फक्त चौथी रात्र म्हणजे शेवटून तिसरी, ती नको. जड सत्रानंतर तीन पूर्ण दिवस हातात हवेत, नाहीतर मुलं ते ओझं घेऊन एसटीत बसतात. सहा मुक्कामांत तिसरी रात्र घ्या.

घोटीकर, शिबिरानंतरचं विचारलं नाहीत म्हणून एवढंच : निरोपाच्या सभेत घेतलेल्या शपथा पंधरा दिवस टिकतात. शेवटच्या दुपारी प्रत्येक दोघांची जोडी, दोघं वेगळ्या ठिकाणचे, आणि ३० दिवसांत होणारं एकच छोटं काम कागदावर : काय, कुठे, कुणाला सोबत घेऊन, किती पैसे. १,५०० रुपयांपर्यंत खर्च संस्थेनं आधी द्यावा. दहाव्या दिवशी कार्यकर्त्याचा फोन. संदेश पाठवून भागवू नका, गटावरच्या संदेशांना अंगठे येतात, काम होत नाही. आणि ४० मुलांमागे फोन करणारे चार जण आत्ताच नेमा, शिबिर संपल्यावर कुणी सापडत नाही.

---

घोटीकर

बदललेली आखणी : गणपतीनंतर, दसऱ्याआधी. अंघोळ दोन पाळ्यांत, झोप १० ते ५:३०. व्याख्यान दिवसाला एक. कामांचा तक्ता फिरता, संडासाची पहिली पाळी आमची. पाऊल-सत्र आणि त्यानंतरची नावांची बैठक तिसऱ्या दिवशी आणि तिसऱ्या रात्री, भूमिकांच्या चिठ्ठ्यांवर. मोबाइल रात्री पाऊण तास. अंथरूण सगळ्यांना सारखं, त्याचं भाडं उद्या विचारतो.

चिंचोके किती लागतील? ४० गुणिले ३ म्हणजे १२०?

---

गावनकाशा

दीडशे आणा. पहिल्या दिवशी निम्मी पोरं ते चघळतात.